नाक, नकाशा आणि करवत

पाचशे तुकड्यांचा जिगसॉ. झाकणावर आयफेल टॉवर किंवा मांजराची पिल्लं असती तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. इथे आहे एक माणूस. डोक्याला कापड गुंडाळलेलं, नजर सरळ आपल्याकडे, आणि कपाळावर मधोमध एक व्रण. सोबत आकडे घातलेल्या लहान आकृत्या. चित्र १७९४ सालचं आहे आणि त्यातलं नाक १७९३ सालचं. त्याआधी वर्षभर या माणसाला नाकच नव्हतं.

इंग्रजी कागदपत्रं त्याला कावसजी म्हणतात. पुण्याजवळ एका कुंभाराने त्याला नवं नाक बसवलं, एका स्कॉटिश चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, लंडनच्या एका मासिकाने ते छापलं आणि त्यावरून वीस वर्षांनी तिथल्या एका सर्जनने तसंच नाक एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याला बसवलं. प्लॅस्टिक सर्जरीच्या कुठल्याही इतिहासात हे टप्पे येतात. जिगसॉ अर्थातच येत नाही. पण हा खेळही लंडनचाच, चित्रं कोरून छापण्याच्या त्याच धंद्यातल्या लोकांनी काढलेला, आणि जेमतेम तीस वर्षं आधीचा. आणि कापायचं कुठून हा प्रश्न दोन्हीकडे पहिला आहे.

खेळापासून सुरुवात करू. जॉन स्पिल्सबरी हा लंडनचा एनग्रेव्हर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्रं आणि नकाशे कोरून छापणारा. राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणवणाऱ्या थॉमस जेफरीज या नकाशेवाल्याकडे त्याने उमेदवारी केली आणि पुढे ड्रुरी लेनजवळच्या रसेल कोर्टात स्वतःचं दुकान थाटलं. १७६३ सालच्या लंडनच्या व्यापारी यादीत त्याचा धंदा नोंदलेला आहे: एनग्रेव्हर, आणि भूगोल शिकवायला सोपं जावं म्हणून लाकडावरचे नकाशे कापून देणारा. छापलेला नकाशा महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि बारीक करवतीने देशांच्या सीमेवरून कापायचा. पोराने फ्रान्स उचलून स्पेनच्या डोक्यावर ठेवायचा. तुकडे एकमेकांत अडकत नसत, त्यामुळे कुणी टेबलाला धक्का दिला की सगळं युरोप सरकायचं.

आपल्याकडच्या घरांतही हा खेळ जवळपास त्याच रूपात टिकून आहे. भारताचा लाकडी नकाशा, राज्यांच्या हद्दींवर कापलेला, तुकड्यांवर धरायला छोट्या खुंट्या. गोव्याएवढा तुकडा पोरं गिळतील किंवा हरवतील म्हणून तो बऱ्याचदा शेजाऱ्यालाच जोडलेला. यात करवत चित्र ओळखून चालते. तुकडा म्हणजे एक राज्य, आणि त्याची कड म्हणजे खरोखरची हद्द. स्पिल्सबरीचा माल महाग होता, श्रीमंतांच्या मुलांसाठीच होता. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची देखभाल करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडे अशा कापलेल्या नकाशांचं एक कपाट होतं. त्या मुलांतला थोरला पुढे प्रिन्स रीजंट झाला. तो या गोष्टीत आणखी एकदा येणार आहे. स्पिल्सबरी मात्र १७६९ मध्ये तिशीतच वारला. त्याच्यामागे धंदा इतरांनी उचलला. १७८८ मध्ये जॉन वॉलिसने इंग्लंडचा इतिहास याच पद्धतीने तुकड्यांत विकायला काढला.

पुढे करवतीची नजर गेली. एकोणिसाव्या शतकात नकाशांच्या जागी देखावे, जहाजं, राजघराण्यातली लग्नं आली. चित्राला हद्दी नसतात, तेव्हा कापणारा मनाला येईल तशी वळणं घेऊ लागला. पायाने चालवायच्या करवतीमुळे नागमोडी काप सोपे झाले आणि खेळाला जिगसॉ हे नाव पडलं. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या माणसांना याचं इतकं वेड लागलं की पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने बाकीचे खेळ बाजूला ठेवून कारखाना यालाच जुंपला. मग मंदी आली, आणि मंदीने या खेळाचं भलं केलं. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, वेळ मात्र भरपूर, अशा घरांसाठी पुठ्ठ्याचा स्वस्त जिगसॉ निघाला. १९३२ च्या शरदात 'जिग ऑफ द वीक' नावाने दर आठवड्याला एक नवं कोडं वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर पंचवीस सेंटला मिळू लागलं. १९३३ च्या सुरुवातीला अमेरिकेत सगळे मिळून आठवड्याला एक कोटीच्या आसपास जिगसॉ खपत होते.

हे शक्य झालं डायमुळे. पोलादाच्या धारदार पट्ट्या वाकवून एका फळीत बसवायच्या, प्रेसखाली पुठ्ठा ठेवायचा आणि एका दाबात पाचशे तुकडे पाडायचे. शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणं फिरतं तसाच हा प्रकार: खाली काय आहे याच्याशी धारेला देणंघेणं नसतं. आज ताजमहाल, उद्या तळ्यातली बदकं, डाय तोच. २०१४ च्या जानेवारीत लंडनच्या वेलकम लायब्ररीने आपल्या संग्रहातली लाखभर जुनी चित्रं जगाला मोकळी करून दिली. कावसजीचं चित्रही त्यांच्याकडे आहे. तेव्हापासून कुणालाही ते उतरवून घेऊन फोटो छापणाऱ्या दुकानात जिगसॉवर छापून घेता येतं. मीही घेतलं.

छापायला देताना पहिला पेच पडला चौकटीचा. दुकानाचा साचा आडवा आणि चित्र उभं. चौकट भरायची म्हटली तर चेहरा मस्त मोठा येतो, पण आकडेवाल्या आकृत्या उडतात. आणि त्या आकृत्या म्हणजेच तर चित्राचं प्रयोजन. शेवटी दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या सोडल्या. तुकडे घरी आल्यावर कळलं की असं कोडं सोडवण्याची रीतच निराळी आहे. रंग नाहीत, आकाश, गवत, कौलं असे ढीग पाडता येत नाहीत. आहेत त्या फक्त कोरणाऱ्याच्या रेषा. गालावर त्या वळत जातात, कापडावर लांब पडतात, सावलीत एकमेकींना छेदतात. त्यांची दिशा पाहून तुकडे जुळवायचे. डायने नाक दोन तुकड्यांत विभागलं होतं, आणि कपाळावरचा व्रण मात्र एकाच तुकड्यात अखंड आला होता. कुंभाराने सव्वादोनशे वर्षांपूर्वी जिथून नेमकं कापलं, तिथे यंत्राची धार चुकून लागली नाही.

आता त्या कापाकडे वळू.

१७९० ते ९२ हे तिसरं म्हैसूर युद्ध. एका बाजूला टिपू सुलतान. दुसऱ्या बाजूला कंपनी सरकार, निजाम आणि मराठे. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मराठी फौजा घेऊन कर्नाटकात होते. या युद्धाचा इतिहास तोफांच्या अंगाने लिहिला जातो, पण तोफा ओढायचे बैल आणि दाणाही वाहायचे बैलच. १७९१ च्या मे महिन्यात कंपनीचा सेनापती कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत पोचला आणि तिथून हात हलवत परत फिरला. बैल मेले होते, सैन्य उपाशी होतं. किल्ला फोडायला आणलेल्या मोठ्या तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. परतीच्या वाटेवर मराठ्यांच्या फौजा भेटल्या, त्यांच्या बाजारातून धान्य मिळालं, तेव्हा कंपनीचं सैन्य सावरलं.

अशा लढाईत बैल हाकणारा गडी हा किरकोळ माणूस नसतो. शत्रूची रसद तोडायची तर आधी त्याला धरायचं. कावसजी इंग्रजी सैन्याकडे बैल हाकायच्या कामावर होता. १७९२ मध्ये तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. हात तोडला की कासरा सुटला. नाक कापलं की जन्मभराची जाहिरात. पुन्हा फिरंग्यांची चाकरी करू पाहणाऱ्या इतरांनी ते नाक, म्हणजे नसलेलं नाक, बघावं हाच हेतू. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिली.

त्याच्या नावाबद्दल थोडं. इंग्रजी मजकूर त्याला शेती करणाऱ्या जातीचा मराठा म्हणतो आणि नाव देतो पारशाला शोभणारं. बहुधा तो कावजी असावा, शिवकाळापासून आपल्याकडे ऐकू येणारं नाव, आणि लिहून घेणाऱ्या साहेबाच्या कानावर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची नावं आधीच बसलेली असावीत. हा माझा तर्क. छापील परंपरा कावसजीच म्हणते, म्हणून मीही तेच वापरतो.

बारा महिन्यांहून जास्त काळ तो नाकाशिवाय राहिला. १७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवं नाक दिलं. अशा शस्त्रक्रिया इथे सर्रास होतात हे इंग्रज डॉक्टरांच्या कानावर होतं. मुंबई इलाख्याच्या सेवेतल्या दोघांनी ती डोळ्यांनी पाहिली. एक थॉमस क्रूसो, पुण्याच्या रेसिडेन्सीचा डॉक्टर. दुसरा जेम्स फिंडले. त्याचं आडनाव कुठे कुठे ट्रिंडले असंही छापलेलं आढळतं. त्यांनी पाहिलेलं सगळं टिपून ठेवलं, आणि त्या टिपणाची शिस्त अशी की आजचा सर्जन ते वाचून मान हलवेल.

आधी मेण. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून चांगलं दिसेलसं नाक घडवायचं. मग तो पत्रा काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवायचा. त्याच्या कडेने रेघ ओढली की मेणाचं काम संपलं. रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोलून सुटी करायची, पण पूर्ण नाही: दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. सगळी करामत या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहतं, म्हणून कपाळावरून उतरलेली कातडी नव्या जागी रुजेपर्यंत जिवंत राहते. पट्टी ठेवली नाही तर कातडी काळी पडून गळून जाईल.

मग नाकाच्या जुन्या बुंध्यावरचा वाळलेला व्रण खरवडून ताजा करायचा, दोन्ही नाकपुड्यांच्या कडेने आणि वरच्या ओठावर चीर घ्यायची. कपाळाची कातडी खाली आणताना तिला अर्धा पीळ द्यायचा, कारण तशीच लोंबू दिली तर रक्ताची बाजू बाहेर येईल. तिच्या कडा त्या चिरेत खोचायच्या. वर्णनात टाक्यांचा उल्लेख नाही. सांधा धरून ठेवायला काय वापरलं? कात. विड्यात पडतो तोच, खैराचा. इंग्रजीत त्याला तेव्हा टेरा जपोनिका म्हणत, जपानशी काडीचा संबंध नसताना. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. कात आकसतो आणि धरतो. चार दिवस दुसरी मलमपट्टी काही नाही. चौथ्या दिवशी तो काढून तुपात बुडवलेली फडकी.

पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापायची. आता नाक स्वतःच्या जिवावर उभं असतं. थोडी कातडी इकडेतिकडे करून आकार नीट करायचा, झालं. आजही कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णाला कपाळाच्या कातडीचं नाक करतात तेव्हा जोडलेली पट्टी तीन आठवड्यांच्या आसपास कापतात.

आपल्याकडे ही हकिकत सांगताना पुढचं वाक्य ठरलेलं असतं: सुश्रुताची विद्या अडीच हजार वर्षं अखंड चालत आली. मला हे वाक्य जरा घाईचं वाटतं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, आणि ती थक्क करणारी आहे; पण ती वेगळी आहे. तिथे माप झाडाच्या पानाचं घेतात आणि कातडी गालाची. श्वासासाठी नाकात नळ्या ठेवतात, वर रक्तचंदन, ज्येष्ठमध, अंजन यांची पूड भुरभुरतात, कापूस ठेवून तिळाचं तेल शिंपडतात. पुण्याच्या कुंभाराकडे मेण आहे, कपाळ आहे, कात आहे. गालापेक्षा कपाळ बरं हे कुणीतरी, कधीतरी, कित्येक नाकं करून शिकलं असणार. त्या शिकण्याचं श्रेय सगळं ग्रंथाला देऊन टाकलं तर ज्यांच्या हातांनी पद्धत बदलली त्यांच्या वाट्याला काय उरतं? ही विद्या पोथीपेक्षा घराण्यांत होती. हिमालयाच्या पायथ्याशी कांगड्याची घराणीही नाकं जोडण्यासाठी प्रसिद्ध होती. ती काही संहिता उघडून बसत नव्हती.

चित्र काढलं जेम्स वेल्सने. पीटरहेडचा हा स्कॉट १७९१ मध्ये मुंबईला आला आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या ओळखीने पुणे दरबारात पोचला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आपल्या डोळ्यांसमोर येणारी रूपं बऱ्याच अंशी वेल्सच्या कुंचल्याची आहेत; महादजी शिंद्यांचंही चित्र त्याने केलं. पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात चित्रकला शिकवायची सोय झाली, आणि गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार वेल्ससाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं करू लागला. कावसजी त्याच्यासमोर बसला तो १७९४ च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर. पुढच्याच महिन्यात महादजी वानवडीला वारले. १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले आणि त्याच वर्षी साष्टीत ताप भरून वेल्सही गेला. पेशवे, महादजी, नाना आणि बैल हाकणारा एक गडी, एकाच माणसाने दोन-तीन वर्षांत ही चित्रं केली. यातलं जगभर सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र त्या गड्याचं असावं, असं मी पैजेवर म्हणेन.

ते लंडनला पोचलं 'जंटलमन्स मॅगझिन'मधून. हे मासिक १७३१ पासून निघत होतं आणि त्यात जगातलं काहीही चालत असे: मृत्युवार्ता, नाणी, धूमकेतू, पुराणवस्तू. संपादकाचं टोपणनाव सिल्व्हेनस अर्बन, त्यामुळे वाचकांची पत्रं मिस्टर अर्बन यांच्या नावे येत. ऑक्टोबर १७९४ च्या अंकात बी. एल. अशी सही असलेलं एक पत्र आलं. एका मित्राने हिंदुस्थानातून कळवलेली, युरोपात बहुधा ठाऊक नसलेली शस्त्रक्रिया पाठवतो आहे, असा त्याचा सूर. सोबत कोरलेलं चित्र आणि आकडेवार स्पष्टीकरण. हा बी. एल. म्हणजे बॅरक लाँगमेट असावा असं मानतात. तोही एनग्रेव्हर. स्पिल्सबरीच्याच बिरादरीतला.

इंग्रज वाचकाला टिपू तेव्हा घराघरात ठाऊक होता. १७९२ च्या तहात त्याने दोन मुलं ओलीस दिली, आणि कॉर्नवॉलिस त्या पोरांना प्रेमाने जवळ घेतो आहे अशा चित्रांचा लंडनच्या दुकानांत पूर आला होता. त्या गर्दीत कावसजीचं चित्र क्रूर सुलतानाविरुद्धचा पुरावा म्हणूनही खपलं असणार, यात शंका नाही. पण चित्र स्वतः त्या सुरात बोलत नाही. रक्त नाही, सुरी नाही, आकांत नाही. बरा झालेला माणूस, आणि तो कसा बरा झाला हे दाखवणाऱ्या आकृत्या: मेणाचा पत्रा सपाट केल्यावर असा दिसतो, मधली पट्टी इथे ठेवा, चीर इथून घ्या. १७९५ मध्ये विल्यम नटरने हेच चित्र नव्याने कोरून मोठ्या आकारात काढलं.

युरोपात तेव्हा नवं नाक म्हणजे थट्टेचा विषय होता. बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीचं नाक करण्याची कृती छापली होती. त्यातला हात डोक्याला बांधून बसलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या जुन्या चित्रांत सर्वांत प्रसिद्ध. पण पद्धत मागे पडली आणि तिच्यावर विनोद तेवढे उरले. म्हणून पुण्याहून आलेलं चित्र पाहिल्यावर लगेच सुरी उचलायला कुणी पुढे आलं नाही. जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या लंडनच्या सर्जनने ते मनात धरून ठेवलं. हिंदुस्थानातून परतणाऱ्यांना तो विचारत राहिला. निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेल्या चार्ल्स मॅलेटशीही त्याने संपर्क साधला, आणि ही शस्त्रक्रिया तिकडे नेहमीची आहे असा निर्वाळा मिळवला. प्रेतांवर हात बसवला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, पत्र छापून आल्याला बरोबर वीस वर्षं झाल्यावर, त्याने पहिल्या जिवंत माणसावर ती शस्त्रक्रिया केली. हा रोगी लष्करी अधिकारी होता. नाक त्याचं शत्रूने नाही, औषधाने नेलं होतं, यकृताच्या दुखण्यावर दिलेल्या पाऱ्याने. भूल नावाची गोष्ट अजून यायची होती. कातडी उतरवून बसवायला पंधरा मिनिटं लागली आणि तो माणूस ते सगळं जागेपणी सोसत पडला.

त्याच १८१४ मध्ये जेन ऑस्टेनची 'मॅन्सफिल्ड पार्क' ही कादंबरी आली. तिच्यात गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा कापलेला नकाशा जुळवता येत नाही, म्हणून तिच्या श्रीमंत मावसबहिणी तिला अडाणी ठरवतात. पन्नास वर्षांत स्पिल्सबरीची वस्तू एवढी रुळली होती की ती न येणं हे घराण्याचं माप झालं.

कार्प्यूचा दुसरा रोगी कॅप्टन लेथम. १८११ मध्ये आल्बुएराच्या लढाईत पलटणीचं निशाण सोडायला तो तयार झाला नाही. शत्रूच्या घोडेस्वारांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. कावसजीसारखंच, नाक आणि हात. त्याच्या शस्त्रक्रियेच्या मागे प्रिन्स रीजंट उभा राहिला, लहानपणी शार्लट फिंचच्या कपाटातले युरोपचे तुकडे हाताळलेला तोच पोरगा. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही हकिकती पुस्तकरूपाने काढल्या. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फेर्दिनांद फॉन ग्राफेचं पुस्तक आलं. कपाळाच्या कातडीचं नाक आता भारतीय पद्धत या नावाने युरोपभर गेलं.

या सगळ्या प्रवासात नावांची काय रेलचेल आहे पाहा. रोग्याचं नाव आहे, चित्रकाराचं आहे, कोरणाऱ्यांची आहेत, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची आहेत, संपादकाचं टोपणनावसुद्धा आहे. ज्याने नाक केलं तो 'पुण्याजवळचा, अमुक जातीचा एक माणूस'. इथे हरवलेल्या तुकड्याची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती लागू पडत नाही. जिगसॉत तुकडा हरवला तर त्याच्या आकाराचं भोक उरतं, आणि भोक पाहून काय गेलं ते सांगता येतं. कावसजीच्या चित्रात कुठेही भोक नाही. चौकट भरलेली आहे, आकडे क्रमाने आहेत, कृती पुरी आहे. कुंभारासाठी जागा धरलीच नव्हती. कृती त्याच्यापासून सोडवून कागदावर आणणं हाच त्या चित्राचा उद्देश होता, आणि तो इतका उत्तम साधला की लंडनमधला माणूस त्याला न भेटता, पुण्याचं तोंड न पाहता, नाक करू शकला. कंपनीच्या डॉक्टरांना त्याचं नाव विचारणं अवघड नव्हतं. कावसजीचं विचारलंच ना.

मुंबईचा डॉक्टर हेलेनस स्कॉट १७९० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, जोसेफ बँक्स यांना, इथल्या कारागिरांविषयी पत्रं लिहीत होता. त्यांत नाकं बसवण्याचा विषय आहे आणि कातडी धरून ठेवणाऱ्या काताचाही आहे. वस्तूची चौकशी बारकाईने, हाताची नाही, हा त्या काळच्या कंपनीवाल्यांचा धडाच दिसतो. गंगाराम तांबट अपवाद, कारण तो आपल्या चित्रांवर सही करत असे.

पुढच्या शतकात काठेवाडात कादू मकराणी नावाचा बंडखोर माजला. लोकांची नाकं कापणं ही त्याची खूण. जुनागढ संस्थानचे डॉक्टर त्रिभोवनदास मोतीचंद शाह यांच्याकडे अशी माणसं रांगेने येऊ लागली, आणि कपाळाची कातडी उतरवून त्यांनी ती नाकं पुन्हा उभी केली. कार्प्यूने पुस्तक लिहिलं होतं दोन रुग्णांवर. शाहांनी १८८९ मध्ये शंभर नाकांच्या हकिकती इंग्रजीत छापल्या, जुनागढातच, आणि पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं.